पाचव्या मजल्यावरचं भेदराचं झाड

फाट्यावर त्या दिवशी कोण कोण होतं ते आधी सांगते. माझे सासरे मारोतराव होते. थोरल्या जाऊबाई गंगाबाई होत्या आणि माझे भासरे, म्हणजे त्यांचे मालक. शेजारची शांता होती, तिच्या कडेवर तिची लेक. टपरीवाला नामदेव होता. तो काही आम्हाला सोडायला आला नव्हता, तो तिथंच असायचा, पण होता म्हणून त्यालाही धरते. आणि जाणारे आम्ही तिघं. मी, संदीपचे बाबा, आणि माझा पदर धरून उभा असलेला संदीप. एवढेच. सासू तेव्हा नव्हती. माहेरचं कोणी आलं नाही, कारण त्यांना कळवलंच नव्हतं.

एसटी उशिरा आली. सासरे कंडक्टरला म्हणाले, "ह्यायले पुण्याले उतरवून देजा बापा." कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ही गाडी अकोल्यापर्यंतच जाते." सासरे म्हणाले, "तं मंग अकोल्याले उतरवून दे. पुढचं ते पाह्यतीन." सगळे हसले. मीही हसले. गाडी हलली तेव्हा जाऊबाईंनी खिडकीतून एक फडकं माझ्या मांडीवर टाकलं. त्यात भेदरं होती. गाडीबरोबर चालत त्या ओरडल्या, "सडले तं सडले, फेकू नोको वं. बी राह्यते त्याच्यात."

तुम्हाला सांगायला नको, पण इकडं जन्मलेल्या पोरांसाठी सांगते. आपल्याकडं टमाट्याला भेदरं म्हणतात. आणि आपलं भेदर म्हणजे दुकानातल्या टमाट्यासारखं गुळगुळीत नाही. लहान, चपटं, अंगावर भोपळ्यासारख्या घड्या. आंबट असं की खाताना एक डोळा आपोआप मिटतो.

आपल्या गावच्या ग्रुपवर टाकायला हे सगळं मी फोनमध्ये बोलते आणि फोन लिहून घेतो. मी चौथी शिकले, लिहायला बसले तर दिवाळी येईल. फोनचं चुकतं ते माझी सून मेधा नीट करते. ती माझी भाषाही थोडी सरळ करते, करू दे. तशीही इतकी वर्षं पुण्यात राहून माझी जीभ अर्धी इकडची झाली आहे. गावच्या बायकांनो, हसायचं असेल तर हसून घ्या.

आम्ही का गेलो ते गावात सगळ्यांना माहीत आहे. जिनिंग बंद पडली. हे तिथं कापसाच्या गाठी उचलायचे. शेत होतं ते एका भावाचं घर चालेल एवढंच. भांडण काही झालं नाही. हे म्हणाले, दादा, तुम्ही राहा, आम्ही जातो. भासरे त्या दिवशी ताटावरून अर्धवट उठले. तेवढंच.

धायरी तेव्हा गावच होतं. सिंहगड रस्त्यावरून आत वळलं की शेतं लागायची. आमच्या ओळखीचा एक जण तिथं बांधकामावर होता, त्यानं बोलावलं होतं. राहायला पत्र्याची खोली. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की संदीपच्या अंगावर ओलं फडकं टाकून त्याला झोपवायची. हे सळया वाकवायचे, मी घमेली वाहायची. पाणी शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरून आणायचं. मळेवाल्या काकू मनानं चांगल्या, तोंडानं कडक. म्हणायच्या, "आमच्या जनावरांचं झालं की मग तुमचं. उगा घाई करायची नाय. कुठली हायस म्हणालीस?" रोज विचारायच्या, कुठली हायस. रोज सांगितलं.

त्या पाण्याचं आम्ही काय काय करायचो! तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना. भांड्यांचं पाणी पाय धुवायला. आणि पाय धुतलेलं पाणी खोलीमागच्या भेदराला, कारण जाऊबाईंनी दिलेल्यातलं बी मी तिथं लावलं होतं. ते झाड माजलं होतं अगदी. शेजारच्या खोल्यांतल्या बायका चटणीला मागून न्यायच्या.

पुढं हे पडले. फार उंचावरून नाही, पण कंबर गेली. दोन पावसाळे ते बसूनच होते. मग मी लोकांच्या घरी पोळ्या करायला लागले. सकाळी एका घरी, दुपारी दुसऱ्या. बरे झाल्यावर ह्यांना जड काम जमेना, तर ज्या इमारतीवर काम केलं होतं तिथंच वॉचमन झाले. संदीप शिकला. त्याची हिंजवडीची नोकरी ह्यांनी पाहिली, कंपनीच्या बसमध्ये बसताना एकदा पाहायला रस्त्यापर्यंत गेले होते. मेधाला मात्र पाहिलं नाही. ते राहून गेलं.

मेधा शनिवार पेठेतली. तिचे वडील, अप्पा, शाळेत मास्तर होते, आता घरीच असतात. लग्न ठरवायला गेलो तेव्हा मला धाकधूक होती. तसल्या घरांत मी पोळ्या केलेल्या, पण स्वयंपाकघराच्या पुढं कधी गेलेली नव्हते. मी उभीच राहिले. अप्पा म्हणाले, "बसा विहीणबाई. खुर्ची मजबूत आहे. आमच्या सगळ्या नातेवाइकांनी बसून तपासली आहे." हसावं की नाही ते मला कळेना. नंतर कळलं, त्या घरी माया अशीच करतात.

आता आम्ही धायरीतच राहतो, पाचव्या मजल्यावर. शेतं गेली, मळा गेला, विहीर कुठं होती ते दाखवता येणार नाही. पाणी अजूनही तसंच आहे म्हणा, टँकर येतो. संदीप हिंजवडीला जातो, मेधा बहुतेक दिवस घरूनच काम करते. हॉलच्या कोपऱ्यात तिचं एक यंत्र आहे. पांढरा प्लास्टिकचा डबा, त्यात पाणी, वर झाकणाला भोकं, भोकात झाडं. माती म्हणून नाहीच. आत एक लहान पंप बुडबुडे सोडतो आणि वर एक दिवा सकाळपासून जळतो. पाण्यात दोन बाटल्यांतलं औषध मोजून घालायचं, तेच झाडाचं जेवण. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, "ह्या झाडायले सलाईन लावलं का वं?" मेधा म्हणाली, "आई, बरोबर बोललात. फक्त ही आजारी नाहीत." त्यात ती कसला कसला पाला लावायची. चवीला कागद.

मागच्या वर्षी जाऊबाई गेल्या. मी तेरवीला गेले. भासरे त्यांच्या आधीच गेलेले, पोरं नागपूरला, सुरतेला. घराला आता कुलूपच लागणार होतं. गावात कोणाच्या परसात भेदर दिसतं का म्हणून मी फिरून पाहिलं. कुठंच नाही. सगळे दुकानातलं पाकीट आणतात, फळ मोठं येतं, दर मिळतो. त्यांचंही बरोबर आहे. मग मी जाऊबाईंच्या सैपाकघरात गेले. चुलीमागच्या भिंतीवर त्यांनी भेदराचं बी राखेत घोळून थापून ठेवलेलं असायचं. होतं. सुकून भिंतीसारखंच झालं होतं. मी उलथन्यानं खरवडलं आणि रुमालात बांधून पुण्याला आणलं.

इथं गॅलरीत कुंड्यांमध्ये लावलं. काही मुंग्यांनी नेलं. काही उगवलं, ते कबुतरांनी उपटलं. राहिलेलं उगवलंच नाही, जुनं झालं असेल. रुमालात चिमूटभर उरलं तेव्हा मेधा म्हणाली, "आई, माझ्या डब्यात लावून बघू या? तिथं कबुतरं येत नाहीत, आली तर त्यांना दार वाजवावं लागेल." स्पंजचे तुकडे करून त्यात तिनं सगळं बी ठेवलं. सगळ्यातून एकच उगवलं.

तर असं होतं. आपल्या गावचं भेदर म्हणून जगात जे उरलं होतं ते आमच्या हॉलच्या कोपऱ्यात एका भोकात उभं होतं. मी कोणाला बोलून दाखवलं नाही. पण सकाळी उठल्यावर देवाआधी त्याच्याकडं जायची.

झाड चांगलं वाढलं. मोठं झालं तसं पाणीही भरभर पिऊ लागलं. मेधाच्या ऑफिसात तेव्हा कामाची गडबड होती. ती मला आणि संदीपला म्हणाली, "डब्यातलं पाणी खाली गेलं की बाजूच्या कॅनमधलं घालत जा. औषधाचं मी बघते." कॅन झाकण लावून डब्याशेजारीच असायचा. आम्ही बरं म्हटलं.

थोड्या दिवसांनी पानांच्या कडा तपकिरी व्हायला लागल्या. पापड भाजताना कडेला जळतो तशा. मग पानं खाली वळायला लागली. शेजारच्या भोकातला तो कागदाच्या चवीचा पाला आधीच मान टाकून गेला होता, पण त्याचं मला काही वाटलं नव्हतं. मेधाला वाटलं, उन्हाळा आहे.

आता मेधा कशी आहे ते तुम्हाला कळायला हवं. एखादी गोष्ट बिघडली की ती आरडाओरडा करत नाही, एकेक करून तपासत बसते. दिवा जवळ असेल म्हणून वर सरकवला. पाणी तापत असेल म्हणून बर्फाची बाटली सोडली. पंपाचा बुडबुडे सोडणारा दगड काढून धुतला. पानं उलटी करून फोनच्या उजेडात किडे शोधले. किडा नव्हता. घरात पाण्यावर झाडं लावणाऱ्या लोकांचा एक ग्रुप आहे, तिथं तिनं फोटो टाकला. एकानं लिहिलं, खत कमी पडतंय. दुसऱ्यानं लिहिलं, खत जास्त होतंय. तिसऱ्यानं विचारलं, झाड विकणार का. मेधा म्हणाली, "आमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा इतकंच ठरतं."

तिच्याकडं पेनासारखं एक मीटर आहे. पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार-औषध आहे त्याचा आकडा येतो. तो आकडा फार वर गेला होता. तिनं औषध निम्मं केलं. आकडा उतरला नाही. तिनं डब्यातलं सगळं पाणी ओतून देऊन नवं भरलं, आकडा खाली आला. ती खूश झाली. आणि दोन-चार दिवसांत परत वर. मीटर बिघडलं म्हणून दुसरं आणलं. दुसऱ्यानंही तेच सांगितलं. मग ती बाटल्यांवर घसरली, औषधात भेसळ आहे म्हणाली. आणि झाड रोज एकेक पान टाकत होतं.

रविवारी अप्पा आले. झाडाकडं बघून चष्मा पुसला. "मातीशिवाय सगळं दिलंयत की ह्याला," म्हणाले. "मेधे, मंडईत टोमॅटो मिळतात. ते चक्क मातीत उगवतात, आणि विकणारा वर कोथिंबीरही देतो."

"अप्पा, हे गावचं आहे," मेधा म्हणाली. "हे गेलं की संपलं."

अप्पांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग खुर्ची ओढून झाडासमोर बसले, आणि जेवायला हाक मारेपर्यंत उठले नाहीत.

जेवण झाल्यावर मेधा पाणी पाहायला गेली आणि तिथंच थांबली. कॅन उचलून तिनं हातानं तोलला.

"संदीप, तू ह्या आठवड्यात डब्यात पाणी घातलंस?"

"घातलं की. रोज, बसला जायच्या आधी."

"आई, तुम्ही?"

"थोडंसं घालतो मी बी. दुपारून."

"दोघंही घालता," मेधा म्हणाली. "डबा भरलेला असतो. मग कॅन कसा काय भरलेला आहे? मी भरला तेवढाच आहे हा. हे पाणी तुम्ही आणता कुठून?"

संदीपनं बोट दाखवलं. मीही त्याच वेळी बोट दाखवलं. दोघांचंही स्वयंपाकघरातल्या निळ्या बादलीकडं.

ती बादली सांगायला हवी. आमच्याकडं पिण्याच्या पाण्याला फिल्टर आहे. त्याच्या एका नळीतून पिण्याचं पाणी येतं आणि दुसऱ्या नळीतून वाया जाणारं. ते वाया जाणारं आम्ही बादलीत धरतो आणि मेधा त्यानं फरशी पुसायला लावते. कॅनमध्ये पिण्याचं पाणी. आता तुम्हीच सांगा, पिण्याचं पाणी माणसांनी प्यायचं सोडून झाडाला घालायचं, आणि बादलीभर काचेसारखं पाणी फरशीला? माझा हात कॅनकडं जायचा आणि परत यायचा. मी बादलीतलं घालायची. संदीपही तेच करायचा. मी त्याला सांगितलं नव्हतं, त्यानं मला सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. संदीप म्हणाला, "आई, तू पण?"

मेधानं मीटर बादलीत बुडवलं आणि ते माझ्यापुढं धरलं. मला आकडे वाचता येतात. फार मोठा होता.

"अहो आई, फिल्टर पाण्यातला क्षार खाऊन टाकत नाही," ती म्हणाली. "आपल्याला चांगलं पाणी देतो आणि त्यातला सगळा क्षार ह्या बादलीत ढकलतो. आधीच टँकरचं पाणी. तुम्ही मायलेकांनी त्याला रोज खारं पाणी पाजलंत, दोन वेळा, प्रेमानं."

अप्पा तिकडून म्हणाले, "चला, निदान भेसळवाला सुटला."

मी स्वयंपाकघरात जाऊन मेथीची जुडी सोडली आणि निवडायला बसले. मला रडू येत नाही, पहिल्यापासूनच नाही. हे गेले तेव्हाही लोकांनी नावं ठेवली होती. पण हाताला मेथीचं देठ कळत नव्हतं, पानं कुठं पडत होती आणि देठं कुठं.

थोड्या वेळानं मेधा येऊन समोर बसली. तिनंही मेथी ओढून घेतली. म्हणाली, "आई, लग्न होऊन आल्यापासून तुम्ही मला एकदाही रागावला नाहीत. मी आज तुमच्यावर रागावणार होते. पण संदीपनं काहीतरी सांगितलं. कळशीचं."

मला वाटत होतं, तो ते विसरला. पत्र्याच्या खोलीतली गोष्ट. लहान होता, शाळेत नुकताच जायला लागला होता. विहिरीवरून येताना त्याच्या हातून कळशी पडली. मी काही बोलायच्या आधीच तो खाली बसला आणि चिखलातलं पाणी ओंजळीनं परत कळशीत भरायला लागला. ते गढूळ पाणी. मी म्हटलं, राहू दे बाळा. तो थांबेना. सगळं भरलं, जेवढं आलं तेवढं. त्या संध्याकाळी ते आम्ही निवळून भांड्यांना वापरलं.

मी मेधाला म्हटलं, "आमच्यानं पाणी सांडवत नाही पोरी. दुसरं काही नाही."

ती म्हणाली, "आमच्याकडं नळ वाहता राहिला तर अप्पा फक्त टोमणा मारायचे." आणि निवडलेली मेथी चुकून देठांच्या ढिगात टाकली. आम्ही दोघींनी परत वेगळी केली.

मग आम्ही झाड उचललं. मुळं पाहिली. पांढरी असायला हवीत, ती चहाच्या चोथ्यासारखी झाली होती आणि हाताला बुळबुळीत. मेधानं कॅनच्या पाण्यात हळूहळू धुतली, नवं पाणी भरलं, औषध अगदी कमी घातलं. म्हणाली, वाट बघू. दोन दिवस वाट पाहिली. खालून वर पानं जातच होती. शेंड्याकडं तेवढी एक फांदी हिरवी होती.

संध्याकाळी तिनं सांगितलं, "आई, एक करता येईल. शेंड्याची ती फांदी कापायची आणि साध्या चांगल्या पाण्यात ठेवायची. टोमॅटोच्या फांदीला पाण्यात मुळं फुटतात म्हणतात. पण कापली की मूळ झाड उरणार नाही. आणि फांदीला फुटली नाहीत तर काहीच उरणार नाही. नाही कापली तर झाड कदाचित सावरेल. मला माहीत नाही. झाड तुमचं आहे, तुम्ही सांगा."

आपल्याकडं उभं झाड दिवेलागणीनंतर कापत नाहीत, हेही मनात आलं. सकाळपर्यंत थांबू म्हणणार होते. पण फांदीच्या खालच्या पानाची कड आताच वळायला लागली होती. मी म्हटलं, "काप माय. आत्ता काप. माझ्या हातून नाही व्हायचं."

तिनं नवी ब्लेड धुतली आणि तिरकी कापली. स्टीलच्या पेल्यात पिण्याचं पाणी घेऊन त्यात फांदी ठेवली. संदीप मागं उभा होता. तिनं त्याच्याकडं न बघता सांगितलं, "ह्या पेल्याला कोणी हात लावायचा नाही. प्रेमानंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी फांदी पार लोंबली. मी त्या पेल्याकडं पाहायचंच नाही असं ठरवलं आणि दिवसभर तेवढंच केलं. तिसऱ्या दिवशी शेंडा जरासा वर आला. मूळ झाड त्याच सुमाराला गेलं. मेधानं ते काढून कागदात गुंडाळलं, कचऱ्यात टाकेना. मीच टाकलं. आणि मग एका सकाळी ती दात घासता घासता ओरडली, "आई!" पेल्यात देठाला खाली मण्यांसारखे उंचवटे आले होते, आणि त्यातून पांढरे धागे, शेवईसारखे. आठवडाभरात पेला धाग्यांनी भरला.

डबा घासून, नवं पाणी भरून फांदी त्यात लावली. निळी बादली आता न्हाणीघरात असते. कॅनवर मेधानं मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे, 'फक्त हे'. मला आणि संदीपला वाचता येतं.

फुलं आली तेव्हा नवीन अडचण. पाचव्या मजल्यावर बंद घरात माशी कुठून येणार? मेधानं सेलवरचा दात घासायचा ब्रश आणला आणि फुलांच्या देठाला लावून गुर्रर करून हलवायची. अप्पांनी पाहिलं. म्हणाले, "दात यायच्या आधीच?" पण पुढच्या रविवारी त्यांनीच विचारलं, "आज ब्रश झाला का?" आणि स्वतः हलवून पाहिला.

फळं धरली. लहान, चपटी, घड्यांची. पहिलं पिकलेलं मी कोणाला खाऊ दिलं नाही, ते बियांसाठी झाडावरच मऊ होऊ दिलं. अप्पा म्हणाले, "इतक्या खटपटीचा टोमॅटो, आणि खायचा नाही? वा." पुढच्या फळांची तव्यावर चटणी केली. लसूण, हिरवी मिरची, तेल. भाकरीबरोबर वाढली. चव तीच होती असं मी म्हणणार नाही. पाण्यावरचं फळ, जरा पातळ. पण आंबटपणा तोच. संदीपचा एक डोळा मिटला. मेधाचा मिटला. अप्पांनी दोन्ही उघडे ठेवले, आणि पाणी प्यायले दोन भांडी.

बियांना राख पाहिजे होती. आमच्या घरात गॅस, राख कुठली? खाली कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री वापरतो, त्याच्याकडून वाटीभर मागून आणली. बी घोळलं आणि कागदावर पसरणार होते. संदीप म्हणाला, "भिंतीला थापायचीस ना गावाला?" मी म्हटलं, रंग नवा आहे. मेधा फोनवर बोलत होती, ऑफिसचा होता. तिनं फोन बाजूला धरून सांगितलं, "थापा हो आई. आपलीच भिंत आहे, मालकाला विचारायचं नाहीये." मी गॅलरीच्या सावलीतल्या भिंतीला थापलं. पत्र्याच्या खोलीत असं कधी करता आलं नाही. पत्र्याला राख धरत नाही.

जाऊबाईंच्या तेरवीला गेले होते तेव्हाची एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. निघताना मी पुतण्याला म्हटलं, "उद्या सकाळी घरी जातो मी." तोंडातून सहज गेलं. तो हो म्हणाला, त्याच्या लक्षातही आलं नाही. जाऊबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "मंग हे काय हाय, धर्मशाळा?" मी गाडीत बसेपर्यंत मला ते लागून राहिलं होतं. आता लागत नाही. मला दोन ठिकाणी घरी जाता येतं. एका ठिकाणी कुलूप आहे, दुसऱ्या ठिकाणी लिफ्ट. कुलपाची किल्ली पुतण्याकडं आहे, लिफ्टचं बटण मला दाबता येतं. ज्यांनी गाव सोडलं त्यांचं थोड्याफार फरकानं असंच असणार. जे राहिले त्यांना आम्ही गेलेले दिसतो, आणि आम्हाला ते राहिलेले. कोणी कोणाला सोडलं ह्याचा हिशोब करायचं माझं वय नाही.

बी आता खडखडीत वाळलं आहे. मी भिंतीवरून काढून लहान लहान पुड्या केल्या आहेत. भिंतीवर डाग पडला, तो राहू देणार आहे. इथं यंत्रात ते झाड जगेल, मेधा आहे तोवर नक्की जगेल. पण वीज गेली की पंप बंद, आणि पंप बंद की माझा जीव पंपापाशी. ते एकाच डब्यात राहू नये असं मला वाटतं.

म्हणून मागणं आहे. गावात असाल आणि दारापुढं हातभर माती मोकळी असेल, किंवा माझ्यासारखे कुठं लांब असाल आणि एक कुंडी असेल, तर ग्रुपवर नाव कळवा. संदीप पुडी पाठवील. उगवलं नाही तर लाजू नका, परत मागा. फक्त एवढंच करा, पुडी मिळाली की पेरा. जपून ठेवू नका.